गाडी आतून: आधी कोरडी, मग स्वच्छ

गाडी आतून साफ करायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार चालतो. डॅशबोर्डवर चकचकीत पॉलिश, काचांवर निळं पाणी आणि एसीच्या जाळीला सुगंधी डबी. दोन दिवस बरं दिसतं. मग कुबट वास परत येतो आणि रात्री समोरून गाडी आली की काच दुधाळ दिसते. आपल्याकडच्या हवेत गाडी आतून खराब होते ती मुख्यतः दोन गोष्टींनी: गालिच्याखाली साठलेली ओल आणि काचेवर, प्लॅस्टिकवर बसलेला तेलकट थर. धुळीचा नंबर त्यानंतर. चमक आणणारी बहुतेक उत्पादनं या दोन्हींवर काहीच करत नाहीत, उलट थर वाढवतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोरडं करायचं, मग स्वच्छ, आणि संरक्षण सगळ्यात शेवटी.

पायाखालून सुरुवात

मॅट बाहेर काढा आणि गालिच्यावर नुसता हात फिरवू नका, तळव्याने जोर देऊन दाबा. वरून कोरडा लागणारा गालिचा दाबल्यावर गार लागला तर खालचा नमदा, म्हणजे गालिच्याखालचा जाड मऊ थर, ओला आहे. नमदा आणि फोम पाणी धरून ठेवतात आणि वरच्या कापडाला पत्ताही लागू देत नाहीत. नवीन गाडीबरोबर हौसेने बसवून घेतलेली 7डी मॅट (तळाच्या आकाराची, उंच काठांची जाड मॅट) आणि पूर्ण तळाला चिकटवलेलं लॅमिनेशन इथेच त्रास देतात. वरून चिखल पुसणं सोपं जातं हे खरं, पण एकदा पाणी खाली उतरलं की त्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. पावसाचा भाग असेल तर सुटी रबरी मॅट केव्हाही बरी. रोज संध्याकाळी काढून झटकता येते. पावसाळ्यात मॅटवर वर्तमानपत्र अंथरायची जुनी पद्धत उत्तम आहे, फक्त कागद रोज बदलायला हवा. ओला कागद तसाच राहिला तर तोच बुरशीला घर देतो.

ओल सापडली की पुसण्याआधी पाणी कुठून आलं ते शोधा. जागा ठरलेल्या आहेत. वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या जाळीत पानं साठतात. गुलमोहर, चिंच, शिरीष अशा बारीक पानांच्या झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर तिथलं पाणी जायचं भोक हमखास बुजतं आणि पाणी पुढच्या पायांकडे उतरतं. दरवाजाच्या खालच्या कडेला छोट्या खाचा असतात, त्याही चिखलाने बंद होतात. दार उघडताना आत पाणी हलल्याचा आवाज आला तर एखादी प्लॅस्टिकची काडी त्या खाचांतून फिरवा. सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात. सनरूफ उघडून चौकटीच्या पन्हाळीत अर्धा कप पाणी हळूहळू ओता. थोड्या वेळात ते गाडीखाली ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सारा. पंपाच्या दाबाची हवा मारू नका, नळी आतल्या जोडापासून निसटते आणि मग छताचं कापड उतरवण्याशिवाय मार्ग राहत नाही.

फक्त डावीकडच्या पुढच्या पायांपाशी ओल असेल तर संशय एसीवर घ्या. दमट दिवशी एसी चालू असलेल्या गाडीखाली पाण्याचं छोटं थारोळं पडतंच. ते पडत नसेल आणि आत ओल असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली आहे. हे पाणी साधं, बिनवासाचं असतं. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि समोरच्या काचेवर आतून पुसता न येणारी वाफ धरत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आहे, ते ज्यातून फिरतं तो हीटरचा गाभा गळतोय. तिथे साफसफाई थांबवून गाडी मेकॅनिककडे न्यायची.

आता वाळवणं. जुलैत काचा उघड्या ठेवून गाडी वाळत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी क्लिपांवर असते, ती सरळ वर ओढून काढा, गालिच्याची कड उचला आणि खाली लाकडाचा ठोकळा किंवा रिकामी बाटली सरकवून फट ठेवा. जुन्या टॉवेलने दाबून दाबून पाणी टिपा, घासू नका. ओलं ओढणारा व्हॅक्यूम मिळाला तर काम निम्मं होतं. मग गाडी मोकळ्या जागी उभी करून काचा बंद, एसी चालू, तापमान पूर्ण गरम आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलेलं, असं अर्धा तास चालवा. एसी हवेतलं पाणी काढतो, गरम हवा नमद्यातलं पाणी उचलते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे कधीही करायचं नाही, धुराने जीव जाऊ शकतो. रात्री छपराखाली दार उघडं ठेवून टेबलफॅन लावा. नमदा पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात, घाईने गालिचा परत बसवला की वास परत येणारच. पुढच्या सीटखाली वायरिंग असतं आणि पिवळ्या रंगाचे जोड एअरबॅगचे असतात. ते ओढायचे नाहीत, सुटे करायचे नाहीत, त्यांच्यावर पाणी मारायचं नाही.

कोकणातून किंवा गोव्याहून परतल्यावर गालिच्यात आलेली वाळू कोरडी असतानाच ओढून काढा. ओली वाळू ब्रशने आणखी आत जाते. वाळू गेली तरी मीठ राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. म्हणून किनाऱ्यावरून आलेल्या गाडीचा गालिचा आठवडाभर दमट लागतो. साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन वेळा टिपून मग वाळवा. डिकीत मासळीचं पाणी सांडलं असेल तर वरचा गालिचा धुऊन भागत नाही. स्टेपनीची खोबण रिकामी करून तिथलं पाणी पुसा, वासाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

सीट आणि डाग

डागावर पहिली चूक होते ती गरम पाण्याची. दूध, दही, अंडं, उलटी, मासळीचं पाणी या सगळ्यांत प्रथिनं असतात आणि ती उष्णतेने धाग्यात घट्ट बसतात. गार पाणी, टिपणं, मग एन्झाइमवालं क्लीनर लावून बाटलीवर लिहिलेला वेळ थांबणं, आणि पुन्हा टिपणं. दूध तर सीटच्या फोममध्ये उतरलं की वरून कितीही अत्तर मारा, उन्हाने गाडी तापली की वास वर येतो.

हळदीच्या डागाचं वेगळं आहे. डब्यातली आमटी सीटवर सांडते, माणूस घाईने साबण चोळतो आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालसर तपकिरी होतो. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो आणि साबण, सोडा, बहुतेक सर्वकामी क्लीनर हे सगळे अल्कलीच आहेत. डाग वाढला असं वाटून माणूस आणखी साबण लावतो. तसं न करता आधी चमच्याने वरचा भाग खरवडून काढा, कोरड्या कागदाने तेल टिपून घ्या. मग कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डागाच्या बाहेरून आत असं टिपत या. हळदीचा रंग पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगला सुटतो. प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ बाजू घ्या, नाहीतर रंग नुसता पसरतो. उरलेली पिवळी झाक ऊन घालवतं. गाडी अशी उभी करा की त्या सीटवर थेट ऊन पडेल, एक-दोन दिवसांत फरक दिसतो. अल्कोहोल आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहा, कापडाचा रंग सुटत नाही ना याची खात्री करा.

डोक्याच्या उशीवर आणि वरच्या छतावर खोबरेल तेलाचे काळपट डाग पडतात. उशी काढून साबणाच्या पाण्याने धुता येते. छत मात्र भिजवायचं नाही. ते पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं कापड असतं, ओलं झालं की गोंद सुटतो आणि कापड लोंबतं. क्लीनर नेहमी फडक्यावर फवारून, एका दिशेने, हलक्या हाताने पुसा. एवढ्याने जितका डाग गेला तितका गेला, त्यापुढे हट्ट करू नका.

'लेदर सीट' म्हणून जे मिळतं ते आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत कृत्रिम असतं. त्याला लेदर कंडिशनर लावणं म्हणजे पैसे वाया, ते आत मुरतच नाही, वर चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं. इतकं पुरतं. खऱ्या कातड्याला मात्र दर तीन-चार महिन्यांनी, स्वच्छ केल्यावर, कंडिशनर हवा.

बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने झटकू नका, बीजाणू गाडीभर उडतात. गाडी उन्हात, दारं उघडी, तोंडावर मास्क. आधी ओल्या फडक्याने उचलून घ्या, ते फडकं टाकून द्या, मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. ब्लीच वापरू नका, रंग उडतो आणि शिवणीचा दोरा कमकुवत होतो. सीटबेल्टला तर ब्लीच अजिबात लागू देऊ नये. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावा, सौम्य साबणाने धाग्याच्या दिशेने घासा, स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत चिमटा काढू नका. ओला बेल्ट आत गेला की गुंडाळीत बुरशी धरते, वासही तिथूनच येतो.

प्लॅस्टिक, स्टिअरिंग, स्क्रीन

इथे थोडक्यात. सर्वकामी क्लीनर एकास दहा पाण्यात, मायक्रोफायबर, आणि फटींसाठी रंगकामाचा मऊ ब्रश. क्लीनर बटणांवर थेट फवारायचं नाही. स्टिअरिंग चकाकतंय म्हणजे ते नवीन दिसतंय असं नव्हे, त्यावर हाताचं तेल आणि मळ बसलाय. स्वच्छ स्टिअरिंग मॅट दिसतं. सारखा हँड सॅनिटायझर लावून लगेच स्टिअरिंग धरलं तर त्यातल्या अल्कोहोलने वरचा लेप निघतो आणि हाताला चिकट लागतं. स्क्रीन बंद करून फक्त किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसा. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर तिथे चालत नाही, वरचा लेप कायमचा डागाळतो.

डॅशबोर्डवर तेलकट, सिलिकॉनवालं पॉलिश मारू नये असं माझं ठाम मत आहे. त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं, धूळ धरते, आणि उन्हात तापलं की त्यातला अंश उडून काचेवर बसतो. संरक्षण हवं असेल तर पाण्यावर आधारित, मॅट राहणारं, अतिनील किरणांपासून वाचवणारं उत्पादन घ्या, पातळ लावा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचं पुसून टाका. पेडलवर, स्टिअरिंगवर, गिअरच्या मुठीवर यातलं काहीही लागू देऊ नका. द्रवरूप अत्तराची बाटली डॅशबोर्डवर ठेवायची असेल तर विचार करा: ते सांडलं तर त्यातलं द्रावक प्लॅस्टिकचा वरचा थर खातं आणि तो डाग कशानेही जात नाही.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डॅशबोर्डला अशा उत्पादनापेक्षा जास्त उपयोग चंदेरी पडद्याचा होतो, समोरच्या काचेला आतून लावायचा. काळ्या फिल्मचा विचार करत असाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 100 पाहून घ्या: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्ये काचेवर वेगळी चिकटवलेल्या कोणत्याही फिल्मवर बंदी घातली होती. त्यानंतर नियमात बदल झाले आहेत, पण दुकानदाराच्या शब्दावर विसंबून फिल्म लावू नका, दंड गाडीमालकाला होतो.

काचा

समोरच्या काचेवर आतून जो धुरकट थर येतो तो नुसती धूळ नसते. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून उन्हात निघणारा अंश, श्वास, हाताचं तेल, उदबत्तीचा धूर, सगळं मिळून तो बनतो. ओल्या फडक्याने पुसलं की तो फक्त जागा बदलतो. त्याला अल्कोहोल लागतं. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल 100 मिली आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर 100 मिली, एवढं मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरा. दोन मायक्रोफायबर घ्या, शक्यतो लव नसलेले, जाळीदार विणीचे. एकावर फवारून काच पुसायची, मिश्रण वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने लगेच कोरडी करायची. अर्धी काच झाली की मग उरलेली अर्धी, म्हणजे मधेच वाळून रेघा उठत नाहीत. आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. नंतर रेघ दिसली तर दिशेवरून कळतं ती आत आहे की बाहेर. डॅशबोर्ड आणि काच जिथे मिळतात तिथपर्यंत हात पोचत नाही, तिथे तळहात उलटा करून बोटांची मागची बाजू काचेला लावा आणि फडकं सारा. आरशामागचा फास्टॅग घासू नका आणि उचकटायचा प्रयत्न करू नका, निघाला की तो निकामी होतो.

हे काम सावलीत आणि गार काचेवरच करायचं. तापलेल्या काचेवर कोणतंही द्रव फडकं फिरायच्या आत वाळतं. मायक्रोफायबर कपड्यांबरोबर धुऊ नका आणि फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच, त्याचा मेणचट थर फडक्यातून काचेवर उतरतो. वर्तमानपत्राने काच बरी पुसली जाते, पण शाई हाताला, पांढऱ्या छताला आणि काचेभोवतीच्या रबरी पट्टीला (बीडिंगला) लागते.

दाराची काच चार बोटं खाली करून वरची कड पुसायला विसरू नका, मळाची एक पट्टी कायम तिथे राहते. आणि काच जिथून दारात शिरते त्या रबरी पट्टीच्या मखमली कडेकडे जरा वाकून पाहा. तिच्यात वाळूचे कण अडकलेले दिसतील. काच वर-खाली होताना हेच कण उभे ओरखडे उठवतात, आणि ते ओरखडे कोणत्याही क्लीनरने जात नाहीत. ओलसर फडकं प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीला गुंडाळून ती कड दर महिन्याला पुसा. काच जड चालत असेल तर उभ्या खाचेत सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा मारा. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते.

बाहेरच्या काचेची परीक्षा सोपी आहे. काचेवर पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर काच स्वच्छ. तुटक तुटक चट्टे पडले तर तेलकट थर आहे. पावसात वायपर फिरल्यावर क्षणभर सगळं धूसर होतं ते यामुळेच, आणि वायपर खरडत, उड्या मारत जातो तोही पुष्कळदा यामुळेच. हा थर रस्त्यावरच्या डिझेलच्या धुरातून येतो, तसाच सोसायटीत रोज गाडी पुसली जाते त्या एकाच फडक्यातूनही येतो. बॉनेट, चाकाच्या कडा आणि काच एकाच बादलीत बुचकळलेल्या कपड्याने पुसल्या तर दुसरं काय होणार? पुसणाऱ्या माणसाला काचेसाठी वेगळ्या रंगाचं फडकं आपणच द्यावं. थर काढायला सेरियम ऑक्साइडचं काचेचं पॉलिश ओल्या पॅडवर घेऊन गोल गोल घासा, पाणी सलग पसरेपर्यंत. समोरच्या काचेवर मशीन एकाच जागी फार वेळ फिरवू नका, तिथे काच किंचित वाकडी दिसू लागते.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुऊन उन्हात सोडलेल्या काचेवर क्षाराचे गोल डाग पडतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कपड्याने दोन मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. रंगावर आणि अ‍ॅल्युमिनियमवर ते ओघळू देऊ नका. महिनोन्‌महिने राहिलेले डाग काचेत रुतलेले असतात, त्यांना पॉलिशच लागतं. पाणी वाचवायला आरओचं टाकाऊ पाणी गाडीला वापरतात, पण शुद्ध पाणी बाजूला काढल्यावर उरलेले सगळे क्षार त्यातच असतात. त्याने पायऱ्या धुवा, काच नको. उलट घरच्या एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतून आलेलं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. पातळ कपड्यातून गाळून घेतलं की काचेच्या शेवटच्या हातासाठी ते फुकट आणि उत्तम.

मागच्या काचेवर आतून बारीक तपकिरी रेघा असतात, वाफ घालवणाऱ्या तारांच्या. त्या रेघांच्या दिशेनेच पुसा. ब्लेडने स्टिकर खरवडला आणि एक रेघ तुटली की तेवढी पट्टी कायम धूसर राहते. स्टिकरचा गोंद निलगिरी तेलाने मऊ करून प्लॅस्टिकच्या कार्डाने काढा.

पाणी घसरवणारा लेप लावायचा तर तो फक्त बाहेरून, आणि पॉलिश झालेल्या, पूर्ण कोरड्या काचेवर. मळक्या काचेवर लावला तर वायपर आणखी थरथरतो. वायपरची रबरं जूनच्या आधी बदला, वॉशरच्या टाकीत भांड्यांचा साबण घालू नका. त्याचा फेस काचेवर थर ठेवतो.

काचेवर वाफ धरली तर आधी बोट लावून पाहा ती कोणत्या बाजूला आहे. आत असेल तर एसी चालू, हवा बाहेरून घेणारं बटण, झोत काचेवर. बाहेर असेल तर एसीने काच फार गार झाली आहे. तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा, झोत काचेवरून पायांकडे वळवा आणि वायपर एकदा फिरवा. आणि घरी पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून पंखा चालू ठेवा, म्हणजे आतलं ओलं यंत्र वाळतं. कुबट वासाचं दुसरं कारण केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, वर्षातून एकदा बदला, आणि बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना ते पाहा.